भातावरून शिताची परीक्षा

मागच्या लेखाखाली ‘एक जुना वाचक’ या नावानं एक प्रतिक्रिया आली आहे. खमकी आहे आणि दोन ठिकाणी वर्मी लागणारी आहे. ‘आपल्या मताचा आदर आहे’ म्हणून वाटेला लावावी अशी ती नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

तो लेख ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात. मी राहतो मिनेसोटातल्या रॉचेस्टरला. इथून ६३ नंबरचा रस्ता दक्षिणेकडे धरला की तासाभरात आयोवाची हद्द लागते, आणि हद्द ओलांडली की हॉवर्ड काउंटी. आकारानं आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी, पण माणसं साडेनऊ हजारांच्या आसपास. मुख्य गाव क्रेस्को. मका, सोयाबीन, डुकरं, गाई आणि ॲल्युमिनियमचे ट्रेलर बनवणारा एक कारखाना. या काउंटीनं २०१२ मध्ये बराक ओबामांना वीसहून जास्त टक्क्यांची आघाडी दिली आणि चारच वर्षांनी डोनाल्ड ट्रम्पना वीसहून जास्त टक्क्यांची. या देशात तीन हजारांवर काउंट्या आहेत, त्यात हे असं दोन्हीकडून करणारी ही एकटीच. मी लिहिलं होतं की मक्याचा भाव पडला, लोक वैतागले आणि काउंटी फिरली.

जुन्या वाचकांचं म्हणणं असं : एक, महिन्या-दोन महिन्यांनी गाडी काढून जायचं, कॉफी प्यायची आणि घरी येऊन समाजशास्त्र लिहायचं, हा उद्योग मी बंद करावा. दोन, मुळात ती माणसं वंशवादी आहेत आणि मी ‘बिचारे शेतकरी’ म्हणून त्यांच्यावर पांघरूण घालतोय. ओबामांना मत दिलं म्हणजे मन स्वच्छ असतं हा बाळबोध युक्तिवाद आहे. तीन, चीननं सोयाबीन घ्यायचं थांबवलं तरी पुन्हा त्याच माणसाला मत देणारे हे लोक स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात; त्यापेक्षा आपला कांदेवाला शहाणा, तो सरकारला जागेवर आणतो. आणि चार, ‘तुम्ही स्वतः कुणाला मत दिलंत ते आधी सांगा.’

पहिलं मान्य. अगदी मान्य म्हटलं तरी चालेल. मी तिकडं जायला लागलो ते राजकारणासाठी नव्हे. नॉर्मन बोरलॉग ज्या १०६ एकरांच्या शेतावर वाढले ते शेत प्रोटिव्हिन गावाजवळ आहे, ते बघायला पहिल्यांदा गेलो. १९६६ मध्ये आपल्या देशानं मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आणलं, ते ज्याच्या खटपटीचं फळ तो माणूस क्रेस्कोच्या शाळेत शिकला आणि तिथं कुस्ती खेळला. क्रेस्कोला कुस्तीचं वेड आहे. मी कोल्हापूरकडचा. जुळलं.

मग जाणं वाढलं आणि बोलणंही वाढलं. पण बोललो कुणाशी? सकाळी को-ऑपमध्ये, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेत, धान्याच्या भावाच्या पाटीखाली जे टेबल असतं, त्याच्याभोवती बसणाऱ्यांशी. सात-आठ जण असतात, डोक्यावर बियाणं कंपन्यांच्या टोप्या, आणि कॉफीचे पैसे कुणी द्यायचे ते फासे टाकून ठरवतात. एकदा मीही टाकले आणि सगळ्यांचे पैसे मलाच द्यावे लागले; त्यानंतर मला खुर्ची मिळायला लागली. पण ही सगळी सत्तरीच्या पुढची, जमीन असलेली, सकाळी नऊला मोकळी असलेली पुरुषमंडळी. कारखान्यात रात्रपाळी करून त्या वेळी घरी झोपलेला तिशीतला वेल्डर माझ्या लेखात नव्हता. शुश्रूषागृहात म्हाताऱ्यांचं सगळं करणारी बाई नव्हती. आता गंमत अशी की हॉवर्डसारख्या ‘शेतीच्या’ काउंटीतसुद्धा शेती करून पोट भरणारी माणसं थोडी, पगारावर जगणारी जास्त. म्हणजे मी ज्यांच्या तोंडून मक्याचा भाव ऐकला ते मतदारांचा लहानसा तुकडा होते. हे मला लिहिताना सुचायला हवं होतं.

आता दुसरा मुद्दा. इथं मी थोडा भांडणार आहे.

आधी आकडा नीट बघू. वीस टक्के इकडून वीस टक्के तिकडं, म्हणजे चाळीसहून जास्त टक्क्यांची उलथापालथ. ऐकताना वाटतं, सगळं गाव कूस बदलून झोपलं. पण आघाडीचा हिशेब दुहेरी असतो. एक माणूस इकडून उठून तिकडं बसला की इकडचं एक कमी होतं आणि तिकडचं एक वाढतं, फरक दोनाचा पडतो. म्हणजे चाळीस टक्क्यांच्या उलथापालथीला दर पाचांतल्या एकानं बाजू बदलली तरी पुरतं. काउंटीत मतं पडतात साडेचार हजारांच्या आसपास. त्यांतली नऊशे माणसं. क्रेस्कोच्या शाळेत कुस्तीचा सामना असला की व्यायामशाळेच्या बाकांवर जेवढे लोक दिसतात, साधारण तेवढे. त्यातही काही २०१२ नंतर वारले, काही गाव सोडून गेले, काही घरीच बसले, काहींनी तिसऱ्याला मत दिलं आणि काही पहिल्यांदाच मतदानाला आले. उरलेल्या पाचांतल्या चारांचं काय? त्यांनी बहुधा आधी जे केलं होतं तेच पुन्हा केलं. ओबामांच्या वेळी त्यांचे प्रतिस्पर्धी मिट रॉम्नींना मत देणारे होतेच, ट्रम्पच्या वेळी हिलरी क्लिंटनना मत देणारेही होतेच.

शितावरून भाताची परीक्षा करावी असं आपल्याकडं म्हणतात. मी आणि जुने वाचक, दोघांनीही उलटं केलं. भाताचं पातेलं बघून प्रत्येक शिताच्या पोटात काय आहे ते सांगितलं. मी म्हणालो ‘ते’ त्रासलेले आहेत, जुने वाचक म्हणाले ‘ते’ वंशवादी आहेत. भांडण विशेषणाचं झालं, ‘ते’ कोण हे कुणीच विचारलं नाही. मतपेटीवर नाव नसतं. काउंटीचा निकाल हाती आला म्हणून त्या नऊशे जणांच्या डोक्यात काय होतं हे कळत नाही, ते कळायला माणसं विचारावी लागतात आणि मी विचारली ती चुकीची.

म्हणजे वंशवाद नाही का? आहे. ओबामांना दिलेलं मत हे काही चारित्र्याचं प्रमाणपत्र नव्हे, हे जुन्या वाचकांचं वाक्य मी बिनशर्त घेतो. उलट त्यांच्या बाजूचा एक पुरावा माझ्याकडं होता आणि मी तो लेखात घातला नाही, तो आता देतो. हॉवर्ड आणि शेजारच्या मिचेल काउंटीच्या शिवेवर राइसव्हिल नावाचं गाव आहे, निम्मं इकडं, निम्मं तिकडं. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या तिसरीच्या वर्गात जेन इलियट या शिक्षिकेनं मुलांचे दोन गट केले, निळ्या डोळ्यांचे आणि तपकिरी डोळ्यांचे. एका दिवशी एका गटाला श्रेष्ठ ठरवलं, मग दुसऱ्याला. भेदभाव कसा लागतो हे त्या गोऱ्या पोरांना अंगावर कळावं म्हणून. त्या वर्गाची गोष्ट पुढं जगभर गेली. गावात मात्र अनेकांना ती मुळीच रुचली नाही आणि बाईंच्या घरच्यांना त्याचा त्रास सोसावा लागला. हे मला माहीत होतं. लेखाचा सूर बिघडेल म्हणून मी गाळलं. जुन्या वाचकांनी ‘पांघरूण’ म्हटलं ते इथं लागू पडतं.

पण एक साधा प्रश्न उरतोच. जी गोष्ट २००८ मध्ये होती, २०१२ मध्ये होती आणि २०१६ मध्येही होती, ती एकटी बदलाचं कारण कशी होईल? परक्यांबद्दलची अढी काही २०१६ ला उगवली नाही. मे २००८ मध्ये तासाभराच्या रस्त्यावरच्या पोस्टव्हिल गावात मांसाच्या कारखान्यावर छापा पडला आणि ३८९ जणांना धरलं, बहुतेक ग्वाटेमालाचे मजूर. महिनोन् महिने त्या भागात दुसरा विषय नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात हॉवर्डनं ओबामांना निवडलं. धर्माचंही तसंच. २००९ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाह मान्य केला. पुढच्या वर्षी मतदारांनी त्या न्यायालयातल्या तीन न्यायाधीशांना मतदानानं घरी बसवलं. असं करणाऱ्या राज्यानं दोनच वर्षांनी ओबामांना पुन्हा जिंकवलं. माणसाच्या मनात दहा गोष्टी असतात. कुठली वर यायची हे पुष्कळदा निवडणूक त्याला काय विचारते यावर ठरतं. २०१२ ला विचारलं होतं, कारखाने विकत घेऊन माणसं कमी करणारा रॉम्नींसारखा धनिक हवा की तुमच्या बाजूचा माणूस हवा. २०१६ ला प्रश्नपत्रिकाच निराळी आली : सीमा, परके, व्यापारी करार, आणि तुम्हाला हसणारे शहरी लोक. परीक्षार्थी फार बदलले नाहीत.

आणि आता माझ्याच सिद्धांताला मी सुरुंग लावतो, कारण तो जुन्या वाचकांनी लावायला हवा होता आणि त्यांनी सोडून दिला. हॉवर्डच्या पूर्वेला लागूनच विनेशिक काउंटी आहे. तोच मका. तोच भाव : २०१२ च्या दुष्काळात बुशेलला, म्हणजे साधारण २५ किलोला, सात-आठ डॉलर आणि २०१६ च्या सुगीला तीनच्या आसपास. तेच नॉर्वे आणि बोहेमियातून आलेले आजे-पणजे. मक्याच्या भावानंच माणसं फिरली असती तर विनेशिकही तेवढंच फिरायला हवं होतं. तेही ट्रम्पकडं गेलं, पण अगदी काठावर. फरक काय? विनेशिकमध्ये डेकोरा आहे. तिथं ल्यूथर कॉलेज आहे, संग्रहालय आहे, पदवी घेऊन तिथंच राहिलेली माणसं आहेत. क्रेस्कोत पदवी घेतलेलं पोर बहुधा परत येत नाही. ते रॉचेस्टरला येतं, डे मॉइनला जातं, मिनिॲपोलिसला जातं. माझ्याच ऑफिसात दोघं आहेत हॉवर्डची. त्यांची मतं आता मिनेसोटाच्या पेटीत पडतात. त्या वर्षी सगळ्या देशातच गोऱ्या मतदारांमध्ये पदवी असलेले एकीकडं आणि नसलेले दुसरीकडं अशी फाळणी झाली. हॉवर्डमध्ये तिची एकच बाजू उरली होती.

मग माझ्या डोक्यात मक्याचा भाव इतका का बसला? कारण १९८८. ऐंशीच्या दशकात आयोवात जमिनीचे भाव असे कोसळले की १९८१ ला एकरी सरासरी २,१४७ डॉलर असलेली जमीन १९८६ ला ७८७ वर आली. कर्जं होती जुन्या भावावर काढलेली. घराणी उठली, लिलाव झाले. आणि १९८८ मध्ये देशभर चाळीस राज्यं हरणारे डेमोक्रॅटिक उमेदवार मायकेल डुकाकिस आयोवात मात्र दहा टक्क्यांनी जिंकले. तिथून २०१२ पर्यंत, २००४ चा अपवाद सोडला तर, हे राज्य अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिकच राहिलं. को-ऑपच्या टेबलावरची मंडळी अजून त्या लिलावांबद्दल बोलतात, तेही आवाज उतरवून. मी ते ऐकलं आणि तेच सूत्र २०१६ ला चिकटवलं. १९८८ ला ते चाललं होतं. २०१६ ला मक्याचा भाव पडला होता, पण जमिनी जात नव्हत्या.

तिसरा मुद्दा, पायावर धोंडा. जुलै २०१८ मध्ये चीननं अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावलं आणि दहा डॉलरच्या आसपासचा बुशेल काही आठवड्यांत साडेआठच्या आसपास आला, हे खरं. सरकारनं दोन वर्षांत मिळून २८ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली, हेही खरं. आणि २०२० मध्ये हॉवर्डमध्ये ट्रम्पची आघाडी आणखी वाढली, २०२४ मध्ये त्याहून. चेक मिळाले म्हणून मतं मिळाली, असं यावरून जुने वाचक सुचवतात. पण चेक मिळाले जमीन कसणाऱ्याला. त्या वेल्डरला नाही मिळाले. आघाडी मात्र त्यांच्यासकट वाढली. तेव्हा हे गणित पैशात सुटत नाही, ना जुन्या वाचकांच्या बाजूनं ना माझ्या.

आणि ‘हित’ म्हणजे काय हे बाहेरच्यानं ठरवायचं कसं? रॉचेस्टरमधल्या माझ्या ओळखीतले चांगल्या पगाराचे डॉक्टर स्वतःचा कर वाढेल अशा उमेदवाराला मत देतात, त्यांना कुणी ‘हिताविरुद्ध मत दिलं’ म्हणून हिणवत नाही. त्याला तत्त्व म्हणतात. गरिबानं तेच केलं की मात्र अडाणीपणा. (मला त्या वेल्डरचं मत पटतं असा याचा अर्थ नाही. मुळीच पटत नाही.)

कांद्याचं म्हणाल तर, डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी दिंडोरीत, नाशकात लोकसभेला भोवली, बरोबर. पण मग सहा महिन्यांनी विधानसभेला नाशिक जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीला गेल्या, तो कुठला कांदेवाला? तोच. तेव्हा तो शहाणा आणि नोव्हेंबरात वेडा झाला का? प्रश्नपत्रिका बदलली होती.

एका गोष्टीबद्दल मात्र माझं मत ठाम आहे आणि ते लेखात नीट आलं नव्हतं. हॉवर्ड ही आता ‘फिरणारी’ काउंटी राहिलेली नाही. पत्रकार अजून दर चार वर्षांनी तिथल्या कॅफेत येऊन बसतात, पण ती गोष्ट २०१६ ला संपली. आयोवातल्या ९९ पैकी ३१ काउंट्या ओबामांना दोनदा मत देऊन ट्रम्पकडं गेल्या, कुठल्याही राज्यात नाहीत इतक्या, आणि त्या परत आल्या नाहीत. २०२४ ला कमला हॅरिसना अख्ख्या राज्यात पाच काउंट्या मिळाल्या. पूर्वी तिथं उमेदवार स्वतः यायचे. कॉकसमुळं, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायच्या सभांमुळं; देशात त्या सगळ्यांत आधी आयोवात व्हायच्या. जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीत शाळेच्या व्यायामशाळेत लोक जमायचे आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे तर अक्षरशः आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे, शेजारी शेजाऱ्याला हाताला धरून आपल्या कोपऱ्यात ओढायचा. ओबामांची लाट जानेवारी २००८ मध्ये तिथूनच उठली. २०२० ला त्या पक्षाचा निकालाचा घोळ झाला आणि पुढच्या वेळी पक्षानं आयोवाचा पहिला मान काढून घेतला. माझ्या मते ही स्वतःच्या हातानं विझवलेली चूल आहे. कोपऱ्यात ओढणारा शेजारीच उरला नाही, तर पक्ष उरतो फक्त टीव्हीवर.

मागच्या जूनमध्ये काउंटीच्या जत्रेत एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. त्या आयुष्यभर डेमोक्रॅट. गुरांच्या गोठ्याजवळच्या बाकावर बसून लिंबूसरबत पीत होत्या. म्हणाल्या, मत अजून तेच देते, पण अंगणात पाटी लावायचं सोडलं. कुणी धमकी दिली का, असं विचारलं. नाही, म्हणाल्या, कुणी काही बोललं नाही. पण त्यांच्या रस्त्यावर फक्त त्यांचीच पाटी होती आणि बर्फ पडला की त्यांच्या दारातला बर्फ समोरचा मुलगा काढतो, त्याच्या दारात दुसरी पाटी होती. त्यानं बर्फ काढणं थांबवलं नव्हतं. त्यांनाच अवघडल्यासारखं झालं, म्हणून त्यांनी पाटी काढली. आता कुणी बाहेरून त्या रस्त्यानं गाडी चालवत गेला तर त्याला वाटेल, इथं सगळे एकाच पक्षाचे.

चौथा प्रश्न सोपा आहे. मी कुणालाच मत दिलं नाही. चौदा वर्षं इथं कर भरतोय, पण कामाच्या व्हिसावर आहे, ग्रीन कार्डाच्या रांगेत. इथं मत नाही. भारतात नाव नोंदवता येतं, पण मतदानाला जातीनं गावच्या केंद्रावर जावं लागतं, आणि ते एकदाही जमलेलं नाही. तेव्हा दोन देशांच्या निवडणुकांवर बोलणारा आणि एकाही पेटीत मत न टाकणारा माणूस, हे माझं वर्णन तुम्ही केलंत तर तक्रार नाही.

मूळ लेखातलं ‘मक्याचा भाव पडला आणि काउंटी फिरली’ हे वाक्य मी खोडलं आहे, पण खोडलेलं दिसेल असंच ठेवलंय. त्याखाली राइसव्हिलच्या वर्गाचा आणि विनेशिकचा परिच्छेद घातला आहे. ‘बिचारे’ हा शब्द तीन ठिकाणी होता, तिन्ही ठिकाणचा काढला. वेल्डरची भेट अजून बाकी आहे. त्याची पाळी सकाळी सहाला सुटते, म्हणजे मला पावणेपाचला निघायला हवं.